मामाच्या वाटीतला टॅपेट

आमच्या घरात काहीही पुसायचं असलं की रुई घ्यायची. कंदिलाची काच रुईनं, पाटीवरची अक्षरं रुईनं, धाकट्याचं नाक रुईनं, आणि बाच्या गॅरेजमध्ये इंजिनाचा एकूण एक भाग रुईनं. ती विकत आणावी लागत नसे. अमरावतीत आमचं पत्र्याचं शेड एका जिनाच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या भिंतीला लागून होतं आणि शेडच्या पाठीला आमच्या दोन खोल्या होत्या. कापसाचा हंगाम लागला की जिनाची घरघर भोंग्याबरोबर सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत चालायची. ती थांबली की आपल्याच कानात काही बिघडलं असं वाटायचं. हवेत रुईचे तंतू तरंगत असत. ते केसांत बसत, दोरीवरच्या धुण्यावर बसत, वरणावर बसत. माय वाढण्याआधी ताटावर फुंकर मारायची. तिला ती सवय इतकी लागली की पुढे अंबादेवीच्या प्रसादालाही तिनं फुंकर मारली. पाहुणे नाक मुरडायचे. आम्ही ज्वारीच्या भाकरीवर चटणी घेऊन तिच्यात जवसाचं तेल ओतायचो आणि तंतूसकट खायचो. त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. जे बिघडलं ते दुसरीकडेच.

बा मूळचा माळ्याचा. आजोबांचा वांग्या-कोथिंबिरीचा मळा होता आणि बानं त्यातच राहावं अशी सगळ्यांची इच्छा होती, पण त्याला मोटारीचं वेड लागलं. लॉऱ्या दुरुस्त करता करता त्यानं स्वतःचं शेड उभं केलं. मी सांगते आहे त्या वर्षी एका लॉरीचा गिअरबॉक्स उतरवताना तो त्याच्या उजव्या हातावर आला. हाड जुळलं, बोटं मात्र वळेनात. त्याचा जुना जोडीदार गफूरचाचा ताकदीची कामं करायचा, पण चाचाला जवळचं दिसेनासं झालं होतं आणि चष्मा म्हटला की तो भांडायला उठायचा. बारीक काम माझ्याकडे आलं. ते कुणी मला दिलं नाही. ते पडून होतं, मी उचललं. कन्याशाळेतली सातवी झाली होती, लग्नाची बोलणी येत होती आणि नखांतली काळी रेघ पाहून परत जात होती. मायला त्याचं वाईट वाटायचं. मला, खरं सांगायचं तर, फारसं वाटत नसे.

शेडची जागा आणि शेजारचा जिन, दोन्ही अकोल्याच्या एका शेटजींचे. एक दिवस ते आपल्या मोटारीतून आमच्या दारात उतरले. मोटार आली हे आम्हाला बडनेऱ्याच्या रस्त्यावरूनच कळलं होतं. डब्यात मूठभर खिळे घालून कुणी हलवत आणावेत तसा तिचा आवाज.

"काय किसन, हात कसा हाये?" शेटजींनी विचारलं.

"बरा हाये, शेटजी."

"बरा असता तं मले डाव्या हातानं रामराम काहून केला?"

शेटजी तसे दुष्ट नव्हते. त्यांनी बाजेवर बसून पाणी घेतलं आणि सरळ सांगितलं, "तुह्या शेडात गाड्या येऊन राहिल्या, पण जाऊन नाई राहिल्या. एक लॉरीवाला ही जागा मागून राहिला. मी त्याले थांबवलं हाये. आता तू असं कर, ही माही गाडी घे. हिचा आवाज मले नाई पाहिजे. नीट करून अकोल्याले आण, मले आयकू दे. जमलं तं जागा तुही. नाई जमलं तं होळी झाली का खाली कर."

"अन् खाली करून जाऊ कुठी?" माय दाराआडून म्हणाली.

"मळा हाये ना, बाई."

मळा आता काकांकडे होता आणि तिथं जाऊन आम्ही काय म्हणून राहणार, हे शेटजी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

गाडी अमेरिकन, आठ सिलिंडरची, कुण्या संस्थानिकाकडून शेटजींनी घेतलेली. चाचानं वरचं सगळं उतरवलं, आत डोकावला आणि डोक्याला हात लावून बसला. साध्या इंजिनात व्हॉल्व्हखाली त्याला वर ढकलणारा टॅपेट असतो; दोघांमधली फट वाढली की खडखड होते. त्याच्यावर नट असतो, पट्टी घालून फट मोजायची, नट फिरवायचा, आवाज बंद. या इंजिनात टॅपेट होते, पण नट नव्हते.

"इसमें तो घुमाने को कुछ हैच नई, किसनभाऊ," चाचा म्हणाला. "अब क्या कान मरोडू इसका?"

बानं एक टॅपेट डाव्या हातात घेतला, मांडीवर ठेवून माझ्याकडून उघडवला. बाहेर एक नळी. तिच्यात तंतोतंत बसणारा दट्ट्या. खाली स्प्रिंग, आणि तळाशी भोकावर बसलेली मोहरीपेक्षा थोडी मोठी पोलादी गोळी. बा बराच वेळ पाहत राहिला. "पिचकारी हाये हे," तो म्हणाला. "तेल आत शिरते, गोळी त्याले वापस जाऊ देत नाई. तेलानं दट्ट्या वर राहते, फट उरतच नाई. म्हून नट नाई." मग त्यानं दुसऱ्या टॅपेटचा दट्ट्या पहिल्याच्या नळीत घालून पाहिला. तो अडकला. "ज्याची नळी त्याचाच दट्ट्या. अदलाबदल केली का मेला."

दुसरं महायुद्ध चालू होतं. नवे सुटे भाग येत नव्हते, तेल मिळेल तसं घ्यावं लागे. त्या तेलाचा गाळ टॅपेटात काकवीसारखा चिकटून बसला होता. चाचानं रिंगा बदलल्या, बेअरिंगं पाहिली, आणि टॅपेट माझ्या स्वाधीन झाले. मी ते जीव लावून साफ केले. घासलेटात धुतले, जिनातून ताजी पांढरी रुई आणली, समईची वात वळतात तशा वाती वळल्या आणि प्रत्येक नळीतून, प्रत्येक भोकातून फिरवल्या. शेवटची वात पांढरीच्या पांढरी बाहेर येईपर्यंत सोडलं नाही. बानं एक नळी उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाला, "आरसा हाये." एवढी तारीफ त्यानं पूर्वी कधी केली नव्हती.

इंजिन जोडलं, चाचानं गाडी चालू केली. मागच्या खोलीतून माय पीठ लागलेल्या हातानं धावत आली. "काय वो, खिळे अजून वाढवले काय?"

त्या आवाजात आम्ही एकमेकांकडे पाहत उभे राहिलो. चाचानं गाडी बंद केली. पुढचे काही दिवस तेलाचा पंप पाहिला, नळ्या पाहिल्या, तेल बदललं. पंप ठणठणीत होता. गाडी तशीच वाजत होती. बा शेडात बसून भिंतीवर टांगलेल्या पान्ह्यांकडे पाहायचा. कोणता पहिला काढायचा ते ठरवत असल्यासारखा. चाचा म्हणाला, "छोड दे बेटी, नसीब की बात हय." मला नशिबाचं काही कळत नाही, तेव्हाही कळत नव्हतं. गाडीत एक वस्तू चुकीची होती आणि ती सापडत नव्हती, एवढंच मला दिसत होतं. मी चाचाला म्हटलं, वरचं पुन्हा उतरवा. तो कुरकुरला, पण उतरवलं.

बानं मला एक परीक्षा सांगितली. टॅपेट कोरडा घ्यायचा, दट्ट्या अंगठ्यानं खाली दाबायचा आणि झटकन सोडायचा. गोळी भोक नीट झाकत असेल तर आतली हवा कोंडते आणि दट्ट्या उसळी मारतो. गोळी झाकत नसेल तर हवा निसटते, दट्ट्या बसल्या जागी बसतो. बाची बोटं मेलेली, चाचाच्या अंगठ्यावर खुरासारखी कातडी. माझा अंगठा चालला. मी एकेक दाबत गेले. बसला. बसला. बसला. एखाद-दुसराच थोडा उसळला. मी चिडून ते पुन्हा धुतले, पुन्हा वातीनं पुसले. तरी बसले. उलट आधी थोडी उसळी मारत होते तेही आता बसायला लागले.

एक टॅपेट मात्र घासलेटाच्या परातीत घरंगळून कडेला राहून गेला होता. तो या खेपेला पुसलेलाच नव्हता. तसाच झटकून मी दाबला आणि त्यानं माझ्या अंगठ्याला टणकन धक्का दिला. मी दचकले. पुन्हा दाबला, पुन्हा धक्का. मग तो शहाण्यासारखा बाजूला ठेवायचा सोडून मी त्याच्यात वात फिरवली, कारण साफ करायचा राहिला होता ना! आणि दाबला. बसला. मी हातातल्या वातीकडे पाहिलं. टॅपेट उचलून अंगणात उन्हात नेला, उघडला, नळीचं तोंड सूर्याकडे केलं. गोळी जिथं बसते त्या कडेवर एक तंतू आडवा पडला होता. केसाहून बारीक, चकाकणारा. पुसणाऱ्या हातानंच तो तिथं ठेवला होता.

"बा," मी म्हटलं, "रुई हाये. गोळीखाली रुई हाये."

बानं डोळा लावून पाहिलं. चाचानं पाहिल्यासारखं केलं, त्याला दिसणं शक्य नव्हतं. मग बा हसायला लागला. हात गेल्यापासून तो पहिल्यांदा हसला असेल. "सगळं वऱ्हाड रुईवर जगते," तो म्हणाला, "अन् हे अमेरिकन बेणं रुईनं मरते."

पण पुसायचं थांबवून भागणार नव्हतं, कारण शेडात हवेतच रुई होती. उघडा टॅपेट घटकाभर ठेवला की त्याच्यावर मिशा यायच्या. घरात एकच जागा अशी होती जिथं भिंतीला जिनाकडचं तोंड नव्हतं आणि जिथं माय दिवसातून चारदा ओला पोतेरा मारायची. मी मायला विचारलं.

"घासलेट? माह्या चुलीपाशी?" माय म्हणाली. "डोस्कं फिरलं काय तुहं? आग लागन."

"चूल नाई पेटवायची एक दिवस."

"अन् खाणार काय? टॅपेट?"

बा दारात उभा राहून ऐकत होता, मध्ये पडला नाही. मायनं त्याच्या लोंबत्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दुसऱ्या दिवसाच्या भाकरी, ठेचा आणि दही तिनं आदल्या संध्याकाळीच करून ठेवलं. चुलीतली राख काढली, जमीन ओली केली, दाराला ओलं लुगडं टांगलं. "चूल थंडी ठेवायची शिळासप्तमी श्रावणात येते म्हून आयकलं होतं," ती म्हणाली. "माह्या लेकीनं माघात आणली."

नळी आणि दट्ट्याची ताटातूट होऊ नये म्हणून प्रत्येक जोडीला वेगळं भांडं हवं होतं. मायनं फडताळातून आपल्या लग्नातल्या पितळी वाट्या काढल्या. त्या काळी आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरून घेत, त्यामुळे प्रत्येक वाटीवर एक नातेवाईक होता. सोळा टॅपेट सोळा नातेवाइकांत वाटले गेले. मी घासलेटात धुवायचे, दुसऱ्या स्वच्छ घासलेटात बुडवायचे, निथळत ठेवायचे. कापड नाही, रुई नाही, फुंकर नाही. मग दाबून पाहायचे आणि ओरडून दाराबाहेरच्या बाला सांगायचे.

"चांदूरचे आजोबा जिवंत!"

"बरं."

"दर्यापूरची आत्या मेली!"

"पुन्हा धू."

तिसऱ्यांदा आत्या मेली तेव्हा शेजारची सखूबाई डोळ्याला पदर लावून अंगणात आली. "कवा गेली वो? परवा तं बाजारात भेटली होती." मायला हसू आवरेना, त्यामुळे सखूबाईचा संशय आणखी वाढला. तिला आत आणून वाटी दाखवली तेव्हा ती रागावून गेली आणि आठवडाभर बोलली नाही. आत्या चौथ्या धुण्याला जिवंत झाली.

दुपार कलली तेव्हा सगळे नातेवाईक उसळ्या मारत होते, वरूडच्या मामाखेरीज. मामाच्या वाटीतला टॅपेट कितीही धुतला तरी दट्ट्या आळसानं वर यायचा. नळी आतून खरवडली गेली होती. तिथं रुईचा दोष नव्हता, झीज होती.

"माहा भाऊ असाच हाये," माय म्हणाली. "कितीबी धुवा."

तो तसाच बसवावा लागला, दुसरा मिळणारच नव्हता. जोडणी झाल्यावर गाडी चालू केली आणि थोड्याच वेळात शेडात फक्त जिनाची घरघर ऐकू येऊ लागली. चाचानं कान बॉनेटला लावला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं धुरावर ढकललं. पण सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, पुन्हा चालू केली की एकटा मामा वाजायचा. टक टक टक. रात्रीतून त्याच्यातलं तेल झिरपून जायचं, ते पुन्हा भरलं की तो गप्प व्हायचा. दर सकाळी तसंच. चाचा गाडी चालू करून तंबाखू मळायला घेई आणि चिमूट तोंडात जाईपर्यंत टकटक थांबलेली असे.

अकोल्याला निघताना बानं चाचाला बजावलं, "गाडी गरमच दाखवायची. बंद करायची नाई. शेटजीनं हो म्हतलं का आपण रेल्वेनं वापस."

"अन् उद्या सकायी?" मी विचारलं.

"उद्याचं उद्या. लढाई सरली का नवा टॅपेट टाकून देऊ. हे काई खोटं नाई."

मूर्तिजापूरपर्यंत मी त्यावर विचार केला. गाडी काळ्या जमिनीतून लोण्यासारखी चालली होती, दोन्हीकडे वेचून झालेल्या पऱ्हाटीची खोडं उभी होती. मला खऱ्या-खोट्याचा प्रश्न पडला नव्हता. मी एवढाच हिशेब करत होते की शेटजी उद्या सकाळी गाडी चालू करतील, टकटक ऐकतील आणि म्हणतील, किसननं फसवलं. मग आम्ही केलेलं सगळंच काम खोटं ठरेल, रिंगा, बेअरिंगं, पंधरा जिवंत टॅपेट, सगळं. आणि जागा मिळालेली जाईल ती जाईलच, वर बाचं नावही घेऊन जाईल.

अकोल्याला शेटजी अंगणात आले. चाचानं गाडी चालूच ठेवली. शेटजींनी टोपी काढली, बॉनेटला कान लावला, मागे गेले, पुढे आले. "चालू हाये ना?" त्यांनी विचारलं. चाचानं मान हलवली. शेटजी खूश झाले. "वा रे किसन! जागा तुही."

बानं डावा हात कपाळाला लावला. मी पुढे झाले.

"शेटजी, उद्या सकायी ही वाजन."

बानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी अजून विसरले नाही. चाचानं घाईनं गाडी बंद केली, जणू तिनंच तोंड उघडलं होतं.

"कोण वो तू?" शेटजी म्हणाले.

"किसनची पोरगी. टॅपेट म्या धुतले. एकाची नळी झिजली हाये, नवी मियत नाई. रातभर उभी राहिली का त्याच्यातलं तेल उतरते. सकायी तुमी तंबाखू मळून तोंडात टाकेपर्यंत वाजन, मंग दिवसभर नाई वाजणार. त्याच्याहून जास्त वाजली तं आमचं काम खोटं."

"म्या बिलकुल आवाज नाई पाहिजे म्हतलं होतं."

"हो, म्हतलं होतं."

शेटजींनी टोपी घातली. जागेबद्दल काही बोलले नाहीत. "आज इथीसाच राहा," एवढं म्हणून आत गेले.

आम्हाला ओसरी दिली, जेवायला वरण-पोळी आणि गोड शिरा दिला. बा माझ्याकडे पाठ करून जेवला. चाचानं माझ्या वाटचाही शिरा खाल्ला. आज मी माझ्या वर्कशॉपमधल्या पोरांना सांगते, गाडी देताना तिचा उरलेला दोष तोंडानं सांगून द्या. ते हो म्हणतात. त्या ओसरीवर एकदा बसल्याशिवाय त्याची किंमत त्यांना कळणार नाही, आणि ती मी कुणाला सांगूनही देऊ शकत नाही.

सकाळी शेटजी चंची घेऊन बाहेर आले. गाडीसमोर खुर्ची टाकून बसले. तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला आणि चाचाला मान हलवून खूण केली. गाडी चालू झाली. टक टक टक. अंगणातली माणसं वळून पाहू लागली. शेटजी अंगठ्यानं तंबाखू मळत होते, माझ्याकडे पाहत, मुद्दाम घाई न करता आणि मुद्दाम उशीरही न करता. बानं डोळे मिटले होते. शेटजींनी दोन टाळ्या मारून चुन्याची धूळ उडवली, चिमूट उचलली. टक टक. चिमूट ओठांपाशी गेली. टक. मग काही नाही.

त्यांनी चिमूट तोंडात टाकली. गाडीतून वाऱ्यासारखा आवाज येत होता, तेवढाच.

"सांगतली तेवढीच वाजली. जागा तुहीच," ते बाला म्हणाले. मग अंगणाच्या टोकाकडे हात केला. "तथी माही लॉरी उभी हाये, किसन. तिले तिघांनी पाह्यलं. तिघंबी म्हणते काई दोष नाई. तिचा काय दोष हाये थो मले सांगून जा."

"सांगतो," बा म्हणाला. पण तो जागचा हलला नाही. त्यानं पान्ह्यांची पिशवी पायानं माझ्याकडे सरकवली. मी लुगड्याचा पदर खोचला आणि लॉरीकडे गेले.